धाकली

(बोरी गाव. संक्रांत जवळ आली आहे. दत्तरावांच्या घराची ओसरी. त्यांच्या लेकीला, बबिताला, सातवा महिना लागला आहे. पहिल्या बाळंतपणासाठी तिला माहेरी पोचवायला तिची सासू केवळाबाई सोनपेठहून एसटीनं सोबत आली आहे.)

केवळाबाई : म्हंजे गेली म्हणा की एकदाची.

दत्तराव : गेली. चारठाण्याला. आमचा चुलतभाऊ हाय ना, बन्सीधर, त्याच्याकडं दिली. लय उंदरं झालेत म्हणला त्याच्या घरी.

बबिता : कोण गेली, अप्पा?

दत्तराव : तू आदी जेवून घे बघू. भाकरी गरम हाय. मेथीचा घोळाणा केलाय मुद्दाम. परवा फोनवर तूच म्हणलीस ना, कच्ची मेथी खावीशी वाटायली म्हणून. आपल्या परसातली हाय, आत्ता खुडली. वर दाण्याचं कूट टाकलंय, तुझी माय टाकायची तसं.

केवळाबाई : खा पोरी. हिरवं खावं पोटुशीनं.

बबिता : धाकली कुठंय? दरवेळी मी उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत पायात येते.

केवळाबाई : इवायांना, तुझ्या अप्पांना, कशाला इचारती? मला इचार. मीच फोन केला हुता. म्हणलं, पोटुशी बाई घरात येणार, पुढं तान्हं लेकरू येणार, तिथं मांजर नको. ऐकलं त्यांनी. मोठ्या मनाचा माणूस हाय.

बबिता : मला कुणी विचारलं नाही.

केवळाबाई : त्यात इचारायचं काय? मांजर ते मांजर.

बबिता : आता मांजर म्हणताय, आत्याबाई. तुम्ही तर तिच्यासाठी स्थळ आणलं होतं.

केवळाबाई : झालं. काढा आता तेच. सोनपेठात अर्ध्या गल्लीला ठाऊक हाय, राहिलेल्यांना बी सांगून या.

दत्तराव : तुमचं तरी काय चुकलं, विहीणबाई. लगीन होऊन ही गेली आन घर खायला उठलं. हिच्या मायनं कुठून तरी पदराखाली एक पिल्लू आणलं. म्हणली, थोरली गेली सासरला, ही माझी धाकली. तवापासून फोनवर बी तेच. धाकली रुसली, धाकली जेवली न्हाई, धाकलीला बरं न्हाई.

केवळाबाई : मी आपली ऐकायली. मनात म्हणलं, बाई, यांना दुसरी बी पोरगी हाय, मग लग्नात कशी दिसली न्हाई. माझ्या भावाचा आदिनाथ लग्नाला आलेला. वाटलं, दोघी बहिणी जवळजवळ पडतील. आन एक दिवस हिची माय, कडूबाई, म्हणायली कशी, धाकली दोन रात्री घरी आली न्हाई, येईल फिरून, पोट भरलं की. एवढं निवांत, इत्मिनानात बोलायली. मला इकडं घाम फुटला.

बबिता : आणि दुसऱ्या दिवशी भावजयीला घेऊन दारात हजर.

केवळाबाई : समजूत घालायला आले हुते मी. वाटलं, लेकरू आडवाटेला लागलं, मायबाप बोलायला लाजायलेत.

दत्तराव : तुमी सगळं बोलून घेतलं. पदर सावरून, खालच्या आवाजात. हिच्या मायनं निस्तं ऐकलं. मग चुलीमागनं उचलून आणली आन तुमच्या मांडीवर ठिवली. म्हणली, ही बघा धाकली. पसंत पडती का सांगा.

केवळाबाई : साडी फाडली माझी. भावजय अजून हसती मला. आमचा आदिनाथ तर, लगीन झालं तरी, भेटला की म्हणतो, आत्या, ती बोरीची पोरगी काय म्हणायली.

बबिता : माय त्या दिवशी किती हसली होती.

केवळाबाई : डोळ्याला पदर लावून हसली. चांगली हुती बाई. एवढ्या घाईनं जायला नको हुतं. ... इवाई, ते काय वाजलं?

दत्तराव : कुठं?

केवळाबाई : आत. धान्याच्या खोलीत.

दत्तराव : दाराची बिजागरी. तेल घालायचं राह्यलंय.

केवळाबाई : बिजागरी म्याव म्हणायली?

दत्तराव : जुनी हाय.

बबिता : अप्पा.

दत्तराव : आता अप्पा-अप्पा करू नको. नेली व्हती मी. खरंच नेली व्हती. पिशवीत घातली आन स्टँडवर गेलो. चारठाण्याकडची गाडी आली. माणसं चढली, गाडी गेली. मी पिशवी धरून तिथंच. बाकड्यावर कुणी तरी म्हणलं, दत्तराव, काय नेऊ लागलाव, ओरडायलं ते. म्हणलं, कोंबडी हाय. मग काय, आलो दोघं घरला.

केवळाबाई : आन मला मघाशी म्हणलाव चारठाण्याला दिली. बन्सीधराच्या घरी उंदरं झालेत म्हणलाव.

दत्तराव : उंदरं खरंच झालेत.

केवळाबाई : हसू नको बबिता. हे हसण्यावारी न्यायचं न्हाई. माझ्या बहिणीच्या सुनेचं पाचव्या महिन्यात गेलं. घरात दोन मांजरं. केस पोटात गेला म्हणतेत. बहीण अजून त्या पोरीचं तोंड बघून रडती. मी डोळ्यांनी बघितलंय ते, मला शिकवू नका. इवाई, साफ सांगते. एक तर मांजर ह्या घरातून जाईल, न्हाई तर मी पोरीला घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाते. बाळंतपण आमच्याकडं करू.

बबिता : आत्याबाई, पहिलं बाळंतपण माहेरी असतं.

केवळाबाई : माहेर म्हंजे माय असती बाई. हितं कोण हाय?

दत्तराव : ...खरं हाय ते.

केवळाबाई : तसं न्हाई म्हणायचं मला. तोंडातून निघून गेलं.

दत्तराव : निघू द्या. खोटं थोडंच हाय. पर माझं बी ऐका, विहीणबाई. दवाखान्यात शेवटी हिच्या मायनं माझा हात धरला. बोलायला दम लागायचा तिला. म्हणली, धाकलीला संभाळा. आयुष्यात दुसरं काही मागितलं न्हाई तिनं मला. मी हो म्हणलं. आन आज सकाळी तिला पिशवीत घातली. का, तर माझ्या नातवंडाला काही होऊ नये. मी कुणाचं ऐकू, सांगा. गेलेल्या बाईचं, का येणाऱ्या लेकराचं?

बबिता : दोघांचं ऐकता येतं, अप्पा. मी विचारून आलेय.

केवळाबाई : कुणाला?

बबिता : परभणीला आपण दाखवतो त्या डॉक्टरीणबाईंना. मागच्या खेपेला तुम्ही बाहेर बाकावर बसला होता. मीच सांगितलं त्यांना, माहेरी मांजर आहे, आणि मला तिला सोडायचं नाही. त्यांनी रक्त तपासायला लावलं.

केवळाबाई : रक्त? मांजराचं?

बबिता : माझं. मांजरीकडून एक जंतू येऊ शकतो माणसात. एरवी कुणाला कळत पण नाही आला ते. पण पोटुशी असताना पहिल्यांदा आला, तर बाळाला त्रास होऊ शकतो.

केवळाबाई : मग मी काय म्हणायली? हेच म्हणायली ना?

बबिता : पुरतं ऐका. माझ्या रक्तात तो कधी येऊन गेलेला दिसला नाही. म्हणून मी जपायचं. जपायचं म्हणल्या, भ्यायचं नाही. आणि केसाचं काही नाही म्हणल्या. मांडीवर बसली तरी नाही. फक्त नंतर हात साबणानं धुवायचे. तो जंतू असतो तिच्या घाणीत. उंदीर, नाही तर कच्चं मटण खाल्लं की मांजरीत जातो, आणि घाणीतून बाहेर पडतो.

दत्तराव : म्हंजे घाणीला हात लावायचा न्हाई तू.

बबिता : मी नाही लावायचा. दुसऱ्यानं उचलायची, आणि रोजच्या रोज. ताजी असते तोवर त्यातून लागण होत नाही. दिवसभराच्या वर पडून राहिली की मग होते. आणि मातीत मिसळली तर मग महिनोन्महिने राहतो तिथं. म्हणून मातीत उघड्या हातानं काम नको, मटण पुरतं शिजवलेलं, भाजी चांगली धुऊन...

दत्तराव : मातीत?

बबिता : हो.

दत्तराव : कसल्या मातीत?

बबिता : कसल्याही. मांजर जिथं उकरून बसते त्या. का? अप्पा, असं का बघताय?

दत्तराव : खाल्लीस का तू मेथी?

बबिता : नाही अजून. धाकलीचं ऐकून घास उतरला नाही.

दत्तराव : ती थाळी इकडं दे. दे म्हणतो ना.

केवळाबाई : काय झालं इवाई?

दत्तराव : हिची माय गेल्यापासून ती मांजर मेथीच्या वाफ्यात जाती. रोज. सकाळचं उकरती. मला वाटायचं उंदराच्या मागावर हाय. मी आपलं कवतुक करायचो.

केवळाबाई : आन ती मेथी तुमी कच्ची आणून वाढलीत. धुतली तरी व्हती का?

दत्तराव : झटकली.

केवळाबाई : झटकली. अन मी म्हणायली, खा पोरी, हिरवं खा. मांजराला खोलीत कोंडलं आन घाण ताटात वाढली. आपण दोघं मिळून लय जपायलो पोरीला.

बबिता : खाल्लेली नाही मी, आत्याबाई. आणि सगळ्याच मांजरींत असतो असं नाही. पण ह्या वाफ्यातली कच्ची नको. दुसरीकडची आणा, दोन-तीन पाण्यांतून धुवा, आणि घोळाणा नको, भाजी करा. शिजवली की जंतू मरतो.

केवळाबाई : आन हितं हात धुवायला साबण कुठं ठिवलाय? आदी इवायांनी धुवा. खुडताना ह्यांचाच हात हुता.

दत्तराव : मोरीवर हाय. थांबा. ... बबे, तुझी माय असताना तर ती कधी वाफ्यात गेली न्हाई. मला कळंना, आता का जाती.

बबिता : कारण माय तिला राख ठेवायची.

दत्तराव : राख?

बबिता : न्हाणीमागं ते फुटक्या कडेचं घमेलं होतं ना. त्यात चुलीची राख पसरून ठेवायची. धाकली तिथंच बसायची. माय रोज सकाळी उचलून लांब खड्ड्यात पुरायची आणि नवी राख घालायची.

दत्तराव : रोज सकाळी घमेलं घेऊन जाताना दिसायची मला. मला वाटायचं भांडी घासायला राख आणायली. एकदा म्हणलं बी, बाजारात साबण मिळतो, खामखा राख कशाला. तर म्हणली, तुमाला न्हाई कळायचं.

केवळाबाई : आन ती गेल्यावर चूल?

दत्तराव : कोण पेटवणार? मला एकट्याला गॅस बास हाय. पाणी बी गॅसवरच तापवतो. घमेलं तिथंच उपडं पडलंय. मांजराला कुठं ठाऊक, घरात राख का आटली ते. गेली बिचारी माती हुडकत.

केवळाबाई : बिचारी म्हणू नका तिला. माझी साडी अजून तशीच हाय.

बबिता : अप्पा, घमेल्यात राख घालून द्याल का? मी हात लावणार नाही. तुम्हीच करायचं. रोज.

दत्तराव : करतो.

केवळाबाई : रोज म्हंजे रोज. आज पाव्हणे आले, उद्या लगीन हाय, असं चालायचं न्हाई. आन हातात काही तरी घालून. उघड्या हातानं घमेलं उचलून तेच हात भाकरीला लावचाल.

दत्तराव : फवारणीचे हातमोजे हायेत, कोरे.

केवळाबाई : आन तिनं उंदीर धरायचे न्हाईत.

दत्तराव : ते मांजराला सांगता येईल का?

बबिता : जेवढं होईल तेवढं. घरात ठेवायची, पोटभर द्यायचं. दूध-भाकर, शिजवलेलं. भरल्या पोटाची मांजर फार हिंडत नाही.

केवळाबाई : मग घरातले उंदीर कोण धरणार?

दत्तराव : मी धरीन.

केवळाबाई : धरचाल. एक मांजर पोचती करवली न्हाई तुमच्या हातून.

बबिता : बाळ आल्यावर पाळण्याच्या खोलीत तिला एकटी सोडायची नाही. ते पण बोलल्या डॉक्टरीणबाई.

केवळाबाई : ते मी बी बोलणारच हुते. माझ्या तोंडून ऐकलं असतं तर जुनं वाटलं असतं तुला. ... आन इवाई, राखेसाठी वेगळी चूल पेटवायची गरज न्हाई. बाळंतिणीला न्हायला चुलीवरचंच पाणी लागंल. शेकायला निखारे लागतील. गॅसवरचं पाणी मी चालवून घेणार न्हाई. आजपासूनच पेटवा. सवय व्हऊ द्या.

दत्तराव : म्हंजे पोरगी राहती हितं?

केवळाबाई : मी चुलीचं बोलायली. राहायचं अजून ठरायचंय. पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईला माझ्या तोंडानं इचारणार. बहिणीच्या सुनेचं बी इचारणार. केसानं झालं का कशानं, ते.

बबिता : विचारा, आत्याबाई. मावशीला पण सांगता येईल मग.

केवळाबाई : हां. त्या पोरीला पाच वर्षं झाली बोल लावायलीय बहीण. मांजरं हिनंच पाळली म्हणून.

दत्तराव : विहीणबाई, चहा टाकू का? हात धुतलेत.

केवळाबाई : टाका. साखर कमी. ... अन असं तोंड पाडून का उभे हाव?

दत्तराव : काही न्हाई. एवढं सगळं व्हायलंय. तुमी आलाव, चूल पेटायली, पोरगी हितं बसलीय. एकच वाटतं. तिला कळायला पाहिजे व्हतं. दुसरं काही न्हाई, तू आजी व्हणार, एवढं कानावर पडून गेली असती तर बी मला बरं वाटलं असतं. आमाला तुमचा फोन आला, तवा ती जाऊन महिना झाला व्हता.

बबिता : अप्पा, तिला ठाऊक होतं.

दत्तराव : कुणाला?

बबिता : मायला. दवाखान्यात. तुम्ही चहा आणायला खाली गेला होता. मलाच नुकतं कळलं होतं. मी तिच्या कानात सांगितलं.

दत्तराव : मला कुणी बोललं न्हाई.

बबिता : मला वाटलं तुम्हाला तिनं सांगितलं असेल. नवरा-बायको तुम्ही. आजवर तेच धरून चालले मी.

दत्तराव : न्हाई बोलली.

बबिता : मला म्हणली होती, तिसरा सरेपर्यंत कुणाला सांगू नको. सासूला नको, बापाला तर नकोच, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या ह्यांनाही, परमेश्वरलाही, बजावलं तिनं.

केवळाबाई : माझ्या लेकाला? मला एक शब्द बोलला न्हाई तो.

बबिता : तिनं शब्द घेतला होता त्यांच्याकडून.

दत्तराव : आन तिनं सोता बी पाळला. ... काय म्हणली? ऐकल्यावर काय म्हणली ती?

बबिता : पहिल्यांदा माझ्या पोटावर हात ठेवला. मग हसायला लागली. म्हणली, आता धाकलं येणार, तर आपल्या धाकलीला मधली म्हणावं लागंल.

दत्तराव : मधली.

बबिता : हो. तिथून पुढं माझ्याशी बोलताना मधलीच म्हणायची. मधलीला भाकर टाकली असेल का तुझ्या बापानं. मधली दारात बसली असेल.

दत्तराव : मला मात्र धाकलीच म्हणली. हात धरून.

बबिता : मधली म्हणली असती तर तुम्ही विचारलं नसतं का, मधली कशी म्हणून?

दत्तराव : इचारलं असतं.

केवळाबाई : लय पक्की बाई. ... इवाई, चहा राहू द्या, मी टाकते. तुमी ते दार उघडा. कवाची ओरडायली.

दत्तराव : तुमी संध्याकाळच्या गाडीचं म्हणला व्हता.

केवळाबाई : जायलेय ना मी. एकलीच. उघडा.

दत्तराव : सावकाश, सावकाश. कुणी रागवत न्हाई. ये, मधले. थोरली आली बघ.